आरोग्याचा कायदा : एका नव्या शाखेची घडण

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' असे आपल्याकडे पूर्वापार म्हणतात. दवाखान्याच्या पायरीविषयी अशी म्हण नाही, कारण ती पायरी कोणालाच चुकत नाही. वरणगावच्या माणसाचे दुखणे बळावले की तो भुसावळ गाठतो, तेथे भागले नाही तर जळगाव, आणि त्यापुढे नाशिक, मुंबई किंवा पुणे. या प्रवासात त्याच्या हाती उसनवारीचे पैसे असतात, एक्स-रेचे पाकीट असते आणि सोबतीला घरचे एखादे माणूस असते. कायदाही त्याच्या सोबत असतो; परंतु ही गोष्ट त्याला बहुधा ठाऊक नसते.

हा सोबत असणारा कायदा म्हणजे आरोग्याचा कायदा. आजारी माणूस, त्याच्यावर उपचार करणारे, औषधे बनविणारे व विकणारे, रुग्णालय चालविणारे आणि या सर्वांवर देखरेख ठेवणारे शासन यांच्या परस्पर हक्क-कर्तव्यांचा विचार ज्या कायद्यात होतो, त्याला हे नाव देता येईल. दिवाणी, फौजदारी, महसुली या कायद्याच्या शाखा आपल्या परिचयाच्या आहेत. आरोग्याचा कायदा ही त्या मानाने अगदी अलीकडची शाखा. ती कशी घडली आणि तिच्यात अद्याप काय उणे आहे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. न्यायवैद्यक नावाचे एक शास्त्र आपल्याकडे फार पूर्वीपासून शिकविले जाते. खून झाला, विषप्रयोग झाला, तर मृत्यूचे कारण डॉक्टरने न्यायालयाला समजावून सांगावे, हा त्या शास्त्राचा विषय. तेथे डॉक्टर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा असतो आणि रुग्ण बहुधा शवविच्छेदनाच्या टेबलावर असतो. आरोग्याच्या कायद्यात दोघेही पक्षकार म्हणून एकमेकांसमोर येतात. साक्षीदाराचा पक्षकार व्हायला आणि रुग्णाला स्वतःचा आवाज मिळायला सुमारे शंभर वर्षे लागली.

साथ आणि सरकार

आरोग्याशी निगडित असे आपले जुने कायदे रोग्यासाठी नव्हते, रोगासाठी होते. मुंबई इलाख्यात १८७७ साली देवी टोचण्याचा कायदा झाला. पुढे १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेगने डोके वर काढले आणि काही महिन्यांतच तो पुण्यापर्यंत पोहोचला. सरकारने घाईघाईने कायदा केला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी अमलात आलेला साथरोग अधिनियम तो हाच. त्यात अवघी चार कलमे होती. प्रवाशांची तपासणी करावी, संशयितांना वेगळे ठेवावे, त्यासाठी सरकारला वाटतील ते नियम करावेत, नियम मोडणाऱ्यास शिक्षा व्हावी आणि सद्‌हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा चालू नये, एवढाच त्याचा आशय.

या कायद्याच्या जोरावर पुण्यात रँडसाहेबाच्या अमदानीत गोरे सोजीर घराघरांत शिरले. पुढचा इतिहास शाळकरी मुलालाही माहीत आहे. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले यांचे प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना त्याच रोगाने निधन झाले होते. या दोन घटना इतिहासाच्या पुस्तकांत वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या शेजारी ठेवून पाहाव्यात. एकीकडे रुग्णाला धोका समजून त्याला उचलून नेणारी सत्ता होती, तर दुसरीकडे रुग्णाला माणूस समजून त्याच्याजवळ बसणारी सेवा होती. कायदा त्या काळी पहिल्या बाजूला उभा होता. रुग्णाला काही मागण्याचा अधिकार त्या चार कलमांत कोठेही नव्हता.

नोंदवही आणि परवाना

दुसरा टप्पा आला तो डॉक्टर आणि औषधे यांच्या नियंत्रणाचा. वैद्यकी कोणी करावी आणि कोणी करू नये हे ठरविण्यासाठी १९१२ साली मुंबई इलाख्यात वैद्यकीय कायदा झाला. डॉक्टरांची अधिकृत नोंदवही ठेवणारा हा आपल्या देशातील पहिला कायदा होय. अखिल भारतीय पातळीवर असा कायदा व्हायला १९३३ साल उजाडले. १९४० मध्ये औषधांच्या गुणवत्तेसंबंधी कायदा आला आणि १९४९ मध्ये मुंबई राज्याने खाजगी शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा केला. महाराष्ट्रातील खाजगी रुग्णालये अनेक फेरफारांनंतर आजही याच १९४९ च्या कायद्याखाली नोंदली जातात.

हे सर्व कायदे आवश्यक होते. तथापि त्यांत व्यवहार होता तो शासन आणि डॉक्टर, शासन आणि कारखानदार यांच्यातला. रुग्णाचे हित त्यांत गृहीत धरलेले होते, पण रुग्णाच्या हाती काही दिलेले नव्हते. देखरेख करणाराच झोपला तर काय होते, याचा दाहक अनुभव मुंबईला १९८६ च्या आरंभी आला. जे. जे. रुग्णालयात रुग्णांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक द्रव्य मिसळलेले होते. त्यामुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली आणि औषधखरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत साखळीतील एकेक दुवा कसा सडला होता हे उघडकीस आणले. परवाना आहे, शिक्का आहे, नोंद आहे, एवढ्याने रुग्ण सुरक्षित होत नाही, हा त्या अहवालाचा धडा.

पुण्याचा दावा

रुग्णाच्या बाजूने कायदा बोलू लागला तो न्यायालयांतून. या बाबतीत मूळ दाखला महाराष्ट्राचाच आहे. वकील आजही तो 'लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले' या नावाने सांगतात.

मे १९५३ मध्ये कोकणात पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. तेथे उपचाराची पुरेशी सोय नव्हती. फळ्या बांधून तात्पुरता इलाज झाला आणि काही दिवसांनी त्याला मोटारीने पुण्यास आणून एका शल्यचिकित्सकाच्या रुग्णालयात दाखल करण्यात आले. हाड बसविण्याची क्रिया झाली. पण ९ मे रोजी रात्री तो तरुण मरण पावला. योग्य भूल न देता जोर लावून हाड ओढले गेले, त्या धक्क्याने मुलगा गेला, असे म्हणून आईवडिलांनी दिवाणी न्यायालयात दावा लावला. न्यायालयाने ३,००० रुपयांची भरपाई मंजूर केली. उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली आणि २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही डॉक्टरांचे अपील फेटाळले.

रक्कम त्या काळच्या मानानेही लहानच होती. निकालात सांगितलेले तत्त्व मात्र मोठे होते. रुग्ण हाती घेणाऱ्या डॉक्टरवर तीन ठिकाणी काळजी घेण्याचे बंधन येते : तो रुग्ण आपण घ्यावा की नाही हे ठरविताना, कोणता उपचार करावा हे ठरविताना आणि तो उपचार प्रत्यक्ष करताना. डॉक्टरने सर्वश्रेष्ठ कौशल्य दाखविलेच पाहिजे, असे न्यायालय म्हणाले नाही. त्या व्यवसायातील माणसाकडून वाजवीपणे जेवढ्या ज्ञानाची व दक्षतेची अपेक्षा करता येईल, तेवढी त्याने दाखवावी, असे म्हणाले. इंग्लंडमध्ये १९५७ च्या बोलॅम खटल्यात याच दिशेने कसोटी ठरली होती. आपल्याकडे ती पुण्याच्या एका शोकाकुल घराने लढलेल्या दाव्यातून रुजली.

तेहतीस वर्षांचा प्रवास

दुसरा खटला आपल्या अधिकच जवळचा. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडील औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जुलै १९६३ मध्ये सरकारी रुग्णालयात एक स्त्री बाळंत झाली. त्यानंतर तिच्यावर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करण्यात आली. पुढे ताप, वेदना, पोटफुगी सुरू झाली. काही दिवसांनी पोट पुन्हा उघडले तेव्हा पहिल्या शस्त्रक्रियेत वापरलेले कापड आत राहून गेलेले आढळले. त्याच महिन्यात तिचा मृत्यू झाला.

पतीने व मुलांनी शासनाविरुद्ध दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपयांचा हुकूमनामा दिला. उच्च न्यायालयात तो टिकला नाही. रुग्णालय चालविणे हे सरकारचे सार्वभौम कार्य आहे, त्यासाठी सरकारला जबाबदार धरता येत नाही, असा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तो नाकारला. रुग्णालय खाजगी माणूसही चालवू शकतो. तेव्हा नोकराच्या निष्काळजीपणाबद्दल शासनही मालकाप्रमाणेच उत्तरदायी आहे, असे न्यायालयाने ठरविले. शिवाय पोटात कापड राहणे ही गोष्टच इतकी बोलकी आहे की निष्काळजीपणाचा वेगळा पुरावा मागण्याचे कारण नाही, असेही सांगितले. हुकूमनामा व्याजासह पुन्हा कायम झाला.

न्याय मिळाला खरा. पण १९६३ ते १९९६ ही तेहतीस वर्षे होत. जन्मलेले मूल त्या अवधीत तेहतीस वर्षांचे झाले. हा काळ लक्षात ठेवावा, कारण लेखाच्या उत्तरार्धात त्याची पुन्हा आठवण होणार आहे.

घटनेचा आधार

आपल्या राज्यघटनेत आरोग्याचा स्वतंत्र मूलभूत हक्क शब्दशः लिहिलेला नाही. अनुच्छेद ४७ मध्ये लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानले आहे, पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे. न्यायालयांनी अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा अर्थ विस्तारत नेला आणि त्यात आरोग्याचा समावेश केला. १९८० मध्ये रतलामच्या गटारांसंबंधी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने बजावले की पैसा नाही या सबबीवर नगरपालिकेला सार्वजनिक स्वच्छतेचे कर्तव्य टाळता येणार नाही. १९८९ मध्ये परमानंद कटारा यांच्या अर्जावर ठरले की अपघातात जखमी झालेल्यावर आधी उपचार करावेत, पोलिसी सोपस्कार नंतर. आणि हे बंधन सरकारी व खाजगी अशा दोन्ही डॉक्टरांवर आहे. १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधील एका मजुराला रेल्वेतून पडल्यानंतर अनेक सरकारी रुग्णालयांनी 'जागा नाही' म्हणून परत पाठविल्याचे प्रकरण आले. तातडीचे उपचार नाकारणे हा जीविताच्या हक्काचा भंग होय, असे न्यायालयाने तेव्हा म्हटले.

वरणगावकरांना या निकालांचे महत्त्व विस्ताराने सांगायला नको. महामार्ग आपल्या गावाला लागून जातो आणि अपघाताची बातमी आपल्याला नवी नाही. जखमीला उचलायला लोक कचरतात ते मन कठोर म्हणून नव्हे, तर पोलीस चौकीच्या व कोर्टाच्या खेपा नकोत म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अशा मदतकर्त्यांना संरक्षण दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. सद्‌हेतूने जखमीला मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. स्वतःचे नाव-गाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती नाही. महाविद्यालयातील प्रत्येक तरुणाला हे एक कलम तरी माहीत असावे.

रुग्ण हा ग्राहक

१९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. रुग्ण हा ग्राहक होय काय, या प्रश्नावर बराच काथ्याकूट झाला. डॉक्टरी ही सेवा उदात्त आहे, तिला दुकानदारीच्या पंगतीत बसवू नये, असे डॉक्टरांच्या संघटनेचे म्हणणे होते. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की मोबदला घेऊन केलेला उपचार ही या कायद्याच्या अर्थाने सेवाच होय. त्यामुळे वर्षानुवर्षे दिवाणी न्यायालयाची वाट पाहण्याऐवजी जिल्ह्याच्या ठिकाणी, साध्या अर्जावर, दाद मागण्याची सोय झाली. २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यातून वैद्यकीय सेवा वगळल्या गेल्या, असा युक्तिवाद पुढे करण्यात आला; तो मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अमान्य केला.

त्याच सुमारास, १९९६ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने आणखी एक मोलाची गोष्ट ठरविली होती. उपचाराचे कागद रुग्णाला किंवा त्याच्या नातेवाइकाला मिळालेच पाहिजेत. ते गुप्त आहेत असे म्हणून रुग्णालयाला ते अडवून ठेवता येणार नाहीत. पुढे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत मागणी केल्यापासून ७२ तासांत ते द्यावेत असा नियम आला. केसपेपर हा रुग्णाच्या हातातील पहिला पुरावा. तो नसेल तर सर्व हक्क कागदावरच राहतात.

देह कोणाचा?

आतापर्यंतचा विचार चुकीच्या उपचाराचा झाला. परंतु विज्ञान पुढे गेले तसे निराळेच प्रश्न उभे राहिले. गर्भ ठेवावा की नाही, गर्भाचे लिंग पाहावे की नाही, एकाचे मूत्रपिंड दुसऱ्याला द्यावे की नाही, यंत्रावर जगविलेल्या देहाचे काय करावे? जुन्या कायद्याच्या पुस्तकांत या प्रश्नांची उत्तरे नव्हती.

यांतील अनेक उत्तरांचा आरंभ महाराष्ट्रात झाला. गर्भपाताच्या प्रश्नावर १९६४ मध्ये केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शाह होते. त्या समितीच्या अहवालातून १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा आला. गर्भलिंगचाचणीला आळा घालणारा देशातील पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला; केंद्राचा कायदा १९९४ चा. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा केंद्रीय कायदाही सुरुवातीला ज्या मोजक्या राज्यांत लागू झाला, त्यांत महाराष्ट्र होता. आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग, ज्या १९७३ च्या अत्याचारानंतर ४१ वर्षांहून अधिक काळ त्याच रुग्णालयात अचेतनप्राय होत्या, त्यांच्याविषयीच्या २०११ च्या निकालातून सन्मानाने मरण्याच्या प्रश्नाचा कायदा आकाराला आला. त्यांची शुश्रूषा तेथील परिचारिकांनी अखेरपर्यंत केली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

पहिला कायदा करणे म्हणजे पहिला प्रश्न सोडविणे नव्हे, याची साक्ष आपल्याच जिल्ह्याने दिली आहे. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या साडेआठशेच्याही खाली होती. राज्याच्या सरासरीपेक्षा ती बरीच कमी होती. कायदा होऊन तेव्हा तेवीस वर्षे झाली होती. कायद्याला डोळे असतात ते समाजाचे. समाजाने ते मिटून घेतले तर कलमे आंधळी होतात.

शाखा स्वतंत्र कशी झाली?

येथपर्यंत वाचून कोणी विचारील की, हे तर निरनिराळ्या कायद्यांचे गाठोडे झाले. थोडा दिवाणी, थोडा फौजदारी, थोडा घटनेचा. याला स्वतंत्र शाखा का म्हणावे?

आक्षेप रास्त आहे. पाश्चात्त्य देशांतही तो घेतला गेला. कायद्याची शाखा स्वतंत्र होते ती कलमांच्या संख्येने नव्हे, तर तिला स्वतःचा प्रश्न आणि स्वतःची तत्त्वे सापडल्याने. नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतर १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग येथे पहिले तत्त्व ठळकपणे मांडले गेले : माणसाच्या देहावर प्रयोग करावयाचा तर त्याची स्वेच्छेने दिलेली संमती हवीच. १९८० मध्ये इयान केनेडी यांनी बीबीसीच्या रीथ व्याख्यानमालेत वैद्यकाच्या अधिकाराविषयी जाहीर प्रश्न उपस्थित केले आणि इंग्लंडमध्ये या विषयाच्या अभ्यासाला जोर आला. आपल्याकडे समीरा कोहली यांच्या खटल्यात २००८ मध्ये ठरले की एका तपासणीसाठी घेतलेली संमती दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी वापरता येत नाही. संमती, गोपनीयता, वाजवी दक्षता, तातडीच्या रुग्णाला अग्रक्रम ही या शाखेची तत्त्वे. आणि तिचा स्वतःचा प्रश्न असा : ज्याच्याजवळ ज्ञान आहे त्याच्या हाती, ज्याच्याजवळ ते नाही त्याने आपला देह सोपविला असता, त्या विश्वासाचे रक्षण कसे करावे? व्यापारी करारात दोघे समान मानले जातात. तापाने फणफणलेला माणूस आणि त्याचा डॉक्टर समान नसतात. या विषमतेतूनच स्वतंत्र शाखेची गरज निर्माण झाली.

या बदलाची खूण १८९७ च्या त्याच कायद्यात दिसते. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या काळात महाराष्ट्र शासनाने त्याच साथरोग अधिनियमाचा आधार घेतला. या वेळीही घरबंदी आणि विलगीकरण झाले. परंतु त्याच वर्षीच्या मे महिन्यात शासनाने त्याच अधिकारांच्या बळावर खाजगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटा नियंत्रणाखाली घेतल्या आणि उपचारांच्या दरांवर मर्यादा घातली. रुग्णाला धरून नेण्यासाठी केलेला कायदा रुग्णाचे बिल तपासण्यासाठी वापरला गेला.

डॉक्टरांची बाजू

या चर्चेत डॉक्टरांवर अन्याय होऊ नये. रुग्ण दगावला म्हणजे डॉक्टर चुकलाच, असे नाही. जेकब मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्पष्ट केले की फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा ढोबळ स्वरूपाचा असला पाहिजे आणि तज्ज्ञ डॉक्टराचे निःपक्षपाती मत घेतल्याशिवाय डॉक्टरवर कारवाई पुढे रेटू नये. नातेवाइकांनी दवाखान्याची मोडतोड करावी, डॉक्टरला मारहाण करावी, हे प्रकार वाढल्याने महाराष्ट्राने २०१० मध्ये त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. भीतीपोटी डॉक्टर गंभीर रुग्ण हाती घेईनासे झाले तर त्याची झळ प्रथम लहान गावांनाच पोहोचेल. दगड उचलणाऱ्या हाताला अर्ज लिहिता आला असता तर दवाखानाही शाबूत राहिला असता आणि दादही मागता आली असती.

मोफत रुग्णाचे काय?

आता मुख्य उणिवेकडे वळू. १९९५ च्या निकालाने रुग्णाला ग्राहक मानले, पण जेथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात ती रुग्णालये ग्राहक कायद्याच्या बाहेर ठेवली. म्हणजे खाजगी रुग्णालयात पैसे मोजणाऱ्याला जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे. सर्वस्वी मोफत चालणाऱ्या सरकारी दवाखान्यातील गरिबाला ते बंद. त्याने दिवाणी दावा लावावा किंवा उच्च न्यायालयात रिट अर्ज करावा. दिवाणी दाव्याला किती काळ लागू शकतो, हे औरंगाबादच्या त्या कुटुंबाने दाखवून दिले आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार मोफत झाले. हा निर्णय स्वागतार्हच होय. परंतु त्यामुळे मोफत रुग्णाच्या दादीचा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे.

जून २०२० मध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयातून नाहीशा झालेल्या एका वृद्ध कोरोना रुग्णाचा मृतदेह कित्येक दिवसांनी तेथीलच स्वच्छतागृहात आढळला. सारा महाराष्ट्र हळहळला. अधिष्ठात्यांसह काही जणांवर निलंबनाची कारवाई झाली. तथापि निलंबन हा शासन आणि त्याचा नोकर यांच्यातील व्यवहार आहे. दाखल झालेल्या माणसाची दररोज विचारपूस होणे हा त्या रुग्णाचा हक्क होता. त्या हक्काची दाद त्याच्या माणसांनी सहज कोठे मागावी, याचे सोपे उत्तर कायद्यात असायला हवे. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा करून तक्रारनिवारणाची यंत्रणा त्यात घातली. महाराष्ट्राने २०२१ मध्ये शुश्रूषागृहांच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावण्याचे बंधन घातले, परंतु ते नियम खाजगी रुग्णालयांसाठी आहेत. पहिला कायदा करण्याचा मान अनेकदा मिळविलेल्या या राज्याने मोफत रुग्णासाठीही एक जवळचे, जलद दार उघडावे, ही अपेक्षा गैर नाही.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने हा विषय वकिलांवर व डॉक्टरांवर सोडून चालणार नाही. आपल्या घरांतून बहुधा आपणच पहिले असतो, ज्यांना संमतीपत्र वाचता येते. शस्त्रक्रियेपूर्वी सहीसाठी कागद पुढे येतो तेव्हा तो आई-वडिलांना वाचून दाखविणे, शंका असेल तर ती नम्रपणे विचारणे, डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे अहवाल आणि पावत्या एका पिशवीत जपून ठेवणे, कागद मिळाले नाहीत तर लेखी अर्ज देऊन पोच घेणे, आणि ग्राहक आयोगाकडे जावयाचे तर तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या मुदतीचे भान ठेवणे, ही कामे आपण करू शकतो. त्यांना वकिलीची सनद लागत नाही. पुण्याच्या आणि औरंगाबादच्या ज्या घरांनी हा कायदा घडविला, ती घरेही कायदेपंडितांची होती म्हणून लढली नाहीत. आपल्या माणसाच्या मृत्यूचा जाब विचारला पाहिजे, एवढे त्यांना कळले होते. ते कळणे अधिक घरांपर्यंत पोहोचविणे, हे शिकणाऱ्यांचे आणि शिकविणाऱ्यांचे काम आहे.